कच्चा खर्डा, पक्की प्रत

शेक्सपिअरला जाऊन सात वर्षं झाल्यावर, १६२३ साली, त्याच्या नाटकमंडळीतल्या दोघा सोबत्यांनी त्याची नाटकं एका जाडजूड पुस्तकात छापून काढली. वाचकांसाठी लिहिलेल्या मजकुरात हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोघांनी अभिमानानं नोंदवलं, की या गृहस्थाच्या कागदांत आम्हाला खाडाखोड म्हणून जवळपास सापडलीच नाही. नटांचं हे पालुपद बेन जॉन्सनच्या कानावरून गेलेलं होतं. तो शेक्सपिअरचा मित्र, चाहता आणि स्पर्धक. हजारेक ओळी खोडल्या असत्या तर बरं झालं असतं, असा शेरा त्यानं आपल्या टिपणांत मारून ठेवला.

त्यानंतर चारशे वर्षं हा वाद मिटलेला नाही. खरा प्रतिभावंत एका ओघात लिहितो, असं एका पक्षाचं म्हणणं. लिहिणं म्हणजे मुख्यतः खोडणं, असं दुसऱ्याचं. गंमत अशी, की पहिल्या पक्षाचे पुरावे जवळून पाहिले की ते दुसऱ्याच्याच पदरात पडतात. ‘सर थॉमस मोअर’ या अनेक हातांनी लिहिलेल्या नाटकाच्या हस्तलिखितातली तीन पानं शेक्सपिअरच्या हातची असावीत, असं बरेच अभ्यासक मानतात. ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांत खोडलेल्या ओळी आहेत. ‘कुब्ला खान’ आपल्याला झोपेत सुचली असं कोलरिजनं सांगितलं. पण तिची त्याच्याच अक्षरातली जी प्रत उरली आहे, ती छापील कवितेशी काही ठिकाणी जुळत नाही. जॅक केरुअ‍ॅकनं ‘ऑन द रोड’ १९५१ साली तीन आठवड्यांत, जोडलेल्या कागदांच्या सुमारे १२० फूट लांब गुंडाळीवर टाइप केली, ही गोष्ट खरी आहे. त्याआधी वह्यांमधून वर्षानुवर्षं चाललेली जुळवाजुळव आणि १९५७ साली पुस्तक निघेपर्यंत झालेले फेरफार त्या गोष्टीत बसत नाहीत, म्हणून कुणी सांगत नाही.

प्रस्तुत संग्रह दुसऱ्या पक्षाचा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. इंग्रजीत लिहिला गेलेला, पण अजून ठरलेला नसलेला मजकूर हा त्याचा विषय. कच्चे खर्डे, टंकप्रती, समासातल्या सूचना, लेखकानं तपासलेली मुद्रितं, छापून झाल्यावरही बदललेल्या आवृत्त्या आणि समित्यांनी फिरवलेले मसुदे, हे सगळं त्यात येतं. मराठी वाचकाला या प्रदेशाची ओळख थोडी उलट्या बाजूनं आहे. पाठचिकित्सा म्हटलं की आपल्याला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवते. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ पर्यंत चाललं. वि. स. सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हजाराहून अधिक पोथ्या होत्या, आणि कर्त्याच्या हातचं एक अक्षरही नव्हतं. लेखनिकांनी घातलेला गोंधळ दूर सारत जुन्यात जुन्या पाठापर्यंत पोचायचं, हे त्यांचं उद्दिष्ट. इथे अडचण नेमकी विरुद्ध आहे. कर्ता हजर आहे, त्याचं अक्षर ओळखीचं आहे, आणि त्यानं स्वतःच चार वेगवेगळे पाठ लिहून ठेवले आहेत. आता खरा कुठला?

हे कागद उरले कसे, हेही पाहण्यासारखं आहे. फार काळ ते उरतच नसत. पुस्तक छापून झालं की खिळे जुळवणाऱ्याच्या शाईनं माखलेली प्रत रद्दीत जायची. लेखकाच्या अक्षराला मोल आलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, लेखक ही विशेष व्यक्ती आहे असं लोक मानू लागल्यावर. तेव्हाही सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात मिल्टनच्या कवितांचं हस्तलिखित आहे. चार्ल्स लॅमनं ते पाहिलं, आवडत्या ‘लिसिडस’मधले शब्द खोडलेले, बदललेले दिसले, आणि तो हादरला. ते कागद नदीत टाकायला हवे होते, असं त्यानं १८२० साली लिहिलं. विसाव्या शतकात अमेरिकन विद्यापीठांनी मात्र असल्या कागदांसाठी पैशाच्या थैल्या मोकळ्या सोडल्या. बफेलोच्या विद्यापीठात चार्ल्स अ‍ॅबट या ग्रंथपालानं हयात कवींना पत्रं पाठवून त्यांच्या कामाचे कागद मागितले. टेक्सासात ऑस्टिनला अख्खं संशोधन केंद्र उभं राहिलं. आपल्या कवींची हस्तलिखितं अशी समुद्रापार चालल्याबद्दल फिलिप लार्किननं १९७९ साली तक्रार केली. तो स्वतः ग्रंथपाल होता. हस्तलिखिताचं मोल दोन प्रकारचं असतं, असं त्याचं म्हणणं: एक जादूचं, म्हणजे हा कागद त्या हातानं शिवलेला आहे याचं, दुसरं अर्थाचं, म्हणजे त्यातून रचनेविषयी काही कळतं याचं. या संग्रहाला पहिल्यात रस नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण पानं खर्ची पडली आहेत ती दुसऱ्यावर.

अभ्यासाच्या परंपरांकडे येऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये मॅककेरो आणि ग्रेग यांनी, नंतर अमेरिकेत बॉवर्स आणि टॅन्सेल यांनी संपादनाचं एक कडक शास्त्र उभारलं. लेखकाचा अंतिम हेतू काय होता ते शोधायचं आणि त्याला धरून एकच निर्दोष संहिता सिद्ध करायची, हा त्यांचा बाणा. शेक्सपिअरच्या कच्च्या कागदांना तेव्हापासून ‘फाउल पेपर्स’ म्हणण्याचा प्रघात पडला. ते कागद कुणी पाहिलेले नाहीत, तरी त्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले.

या शास्त्राला तडा गेला तो ‘किंग लिअर’मुळे. हे नाटक १६०८ साली एकदा छापलं गेलं आणि १६२३च्या संग्रहात पुन्हा. पहिल्यातल्या सुमारे ३०० ओळी दुसऱ्यात नाहीत. दुसऱ्यातल्या सुमारे १०० पहिल्यात नाहीत. अखेरचं भाषण एकात अल्बनीच्या तोंडी आहे, दुसऱ्यात एडगरच्या. अडीचशेहून अधिक वर्षं संपादकांनी दोन्ही एकत्र कालवून एक लांबलचक ‘लिअर’ वाचकांच्या हाती दिला. तसा तो शेक्सपिअरच्या काळी कधी खेळला गेला असेल याला काडीचा पुरावा नाही. मग १९८३ साली गॅरी टेलर आणि मायकेल वॉरन यांनी संपादित केलेल्या एका लेखसंग्रहानं सरळ म्हटलं, की ही एका नाटकाची दोन बिघडलेली रूपं नव्हेत. लेखकानं फिरून हात फिरवलेलं हे दुसरं नाटक आहे. तीन वर्षांनी ऑक्सफर्डच्या समग्र शेक्सपिअरमध्ये दोन ‘लिअर’ छापले गेले. वाद संपलेला नाही, पण नाटककार स्वतःचं लिखाण बदलतो, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला इतका काळ जावा लागला.

वर्ड्‌स्वर्थची कथा याहून बोलकी आहे. ‘प्रिल्यूड’ हे आत्मचरित्रात्मक काव्य त्यानं १७९८ मध्ये हाती घेतलं. १७९९ मध्ये त्याचे दोन भाग झाले, १८०५ मध्ये तेरा सर्ग झाले, आणि नंतरही तो ते दुरुस्त करत राहिला. चौदा सर्गांचं पुस्तक निघालं १८५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. नावदेखील बायकोनं दिलेलं. १९२६ साली द सेलिनकोर यांनी १८०५ आणि १८५०चे पाठ समोरासमोर छापले आणि वाचकांना धक्का बसला. फ्रेंच राज्यक्रांतीनं भारावलेला तरुण डाव्या पानावर, पोक्त राजकवी उजव्या! तेव्हापासून १८०५चा पाठ सरस, हे जणू गृहीतच झालं. कॉर्नेल विद्यापीठानं पुढे वर्ड्‌स्वर्थच्या आरंभीच्या पाठांची मोठी मालिकाच काढली. मला हे प्रकरण थोडं संशयास्पद वाटतं. जुनं ते ताजं आणि म्हणून खरं, ही आपली आवड आहे. कवीचा तो निवाडा नव्हता. चाळीस वर्षं एका माणसानं घासलेल्या ओळी केवळ म्हातारपणाच्या म्हणून बाजूला सारता येत नाहीत. त्यांतल्या कित्येक उत्तम आहेत.

यूरोपात याच सुमारास दुसरी वाट रुळत होती. पॅरिसमध्ये लुई हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्ड्यांना अंतिम पुस्तकाच्या सेवेतून मोकळं केलं. त्यांना निर्दोष संहिता नकोच होती. लिहिण्याची क्रिया कशी घडते ते हवं होतं. या पद्धतीनं जॉइस आणि बेकेट वाचले गेले तेव्हा इंग्रजीचे अभ्यासक दचकले. ‘युलिसिस’च्या जवळपास एक तृतीयांश मजकुराची भर जॉइसनं मुद्रितांवर घातली, दिजाँच्या छापखान्यातल्या कामगारांचा अंत पाहत. इंग्रजी न येणारे ते फ्रेंच जुळारी समासातली गिचमिड अक्षर अक्षर लावत होते. १९८४ साली हान्स वॉल्टर गाब्लरनं या सगळ्या थरांसकट ‘युलिसिस’ संपादित केली. चारच वर्षांत जॉन किड या अमेरिकन अभ्यासकानं तिच्यावर कडाडून हल्ला चढवला. त्या भांडणाचा तपशील रंजक असला तरी इथे टाळतो.

तिसरा विचार मला सगळ्यांत जवळचा. जेरोम मॅकगन आणि डी. एफ. मॅकेन्झी यांनी ऐंशीच्या दशकात मांडलं, की संहिता ही एकट्या लेखकाची मिळकत नव्हे. संपादक, प्रकाशक, छापखाना, मित्र, बायको-नवरा यांच्या देवघेवीतून ती बनते. हे नुसतं तत्त्व म्हणून ऐकलं तर गुळमुळीत वाटतं. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’चे कागद पाहिले की ते पटतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे ते असल्याचं १९६८ मध्ये जाहीर झालं आणि एलियटच्या पत्नी व्हॅलरी यांनी १९७१ मध्ये त्यांच्या छायाप्रती प्रसिद्ध केल्या. बॉस्टनमधल्या एका दारूबाज रात्रीचं वर्णन करणारं पहिलं पान एलियटनंच उडवलं आहे. त्याचा कवी मित्र एझ्रा पाउंडनं पोपच्या धर्तीवरची सत्तरेक ओळींची यमकं सरळ कापली. समुद्रप्रवासाचा लांब भाग कापत कापत दहा ओळींवर आणला. पहिली पत्नी व्हिव्हिएन हिनं समासात कौतुक लिहिलं आहे, तिनं सुचवलेली एक ओळ कवितेत राहिली आणि तिच्या सांगण्यावरून एक ओळ गेली. विसाव्या शतकातली सर्वांत गाजलेली इंग्रजी कविता निदान तीन हातांची आहे, आणि मुखपृष्ठावर नाव एकाचं. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या वहीत पर्सी शेलीचं अक्षर दिसतं तेव्हाही हाच प्रश्न पडतो, फक्त तिथे काही टीकाकारांनी लगेच पुस्तकच नवऱ्याच्या नावावर चढवायचा उद्योग केला. एलियटच्या बाबतीत तसं कुणी केलं नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

परक्या हातानं होणारा बदल नेहमी प्रेमाचा असतो असंही नाही. रेमंड कार्व्हरचा १९८१चा कथासंग्रह संपादक गॉर्डन लिश यानं एवढा कापला, की मूळ मजकुरातला निम्म्याहून अधिक भाग गेला. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हरनं त्याला पत्र लिहून छपाई थांबवा अशी अक्षरशः विनवणी केली. पुस्तक निघालं, नाव झालं, कार्व्हरची कोरडी, तुटक शैली म्हणून जगभर तिचे धडे गिरवले गेले. मूळ कथा २००९ मध्ये बाहेर आल्या. एकीत वाढदिवसाच्या दिवशी मोटारीनं उडवलेलं मूल इस्पितळात आहे, आणि केक न नेल्याबद्दल बेकरीवाला रात्री-अपरात्री फोन करतो. लिशच्या प्रतीत फोन वाजतो आणि कथा तुटते. मुलाचं काय झालं ते कळत नाही. कार्व्हरच्या प्रतीत मूल जातं, आईबाप रागानं बेकरीत जातात, बेकरीवाला त्यांना बसवतो, गरम पाव खायला घालतो आणि तिघं पहाटेपर्यंत बोलत बसतात. दोन्ही वाचाव्यात. संपादकाच्या कात्रीचं कौशल्य नाकारता येत नाही, पण तिनं कापलं ते एका लेखकाचं माणसांविषयीचं मत होतं.

लेखक स्वतःच्या हातानं सुधारतो तेव्हा काय घडतं, याचा सर्वांत सुंदर पुरावा जेन ऑस्टिनचा आहे, आणि तो निव्वळ नशिबानं उरला. तिच्या छापील सहा कादंबऱ्यांपैकी एकीचंही पुरं हस्तलिखित शिल्लक नाही. आहेत ती ‘पर्स्वेजन’च्या शेवटाची दोन प्रकरणं, छोट्या कागदांवर लिहिलेली. १८ जुलै १८१६ रोजी तिनं समाप्तीची खूण केली. मन मानेना. तीन आठवड्यांच्या आत शेवट नव्यानं लिहून झाला. बाद केलेल्या शेवटात भाडेकरू अ‍ॅडमिरल क्रॉफ्ट नायक वेंटवर्थला नायिका अ‍ॅनकडे पाठवतो: तुम्ही म्हणे चुलतभावाशी लग्न करताय, मग घर रिकामं करून हवंय का? ती नाही म्हणते, दोघांच्या मनाची गाठ पडते, संपलं. नव्या शेवटात बाथच्या एका खानावळीत अ‍ॅन खिडकीशी वेंटवर्थच्या मित्राबरोबर, हार्विलबरोबर, वाद घालते आहे, बाई जास्त काळ निष्ठा जपते की पुरुष, यावर. वेंटवर्थ पलीकडे टेबलाशी पत्र लिहितोय, ते त्याच्या कानावर पडतं, आणि तो दुसरंच एक पत्र तिच्यासाठी ठेवून जातो. पहिल्या खर्ड्यात अ‍ॅन उत्तर देते, दुसऱ्यात बोलते. कादंबरीभर गप्प राहिलेली बाई शेवटी सविस्तर आपलं म्हणणं मांडते आणि त्यानंच गोष्ट फिरते, हे ऑस्टिनला लिहिता लिहिता सापडलं. खर्डा हाती नसता तर ते आपल्याला कळायचं काही कारण नव्हतं.

ललित साहित्याबाहेरचा एकच मसुदा या संग्रहात विस्तारानं आला आहे, आणि तो आपला आहे. भारताची राज्यघटना इंग्रजीत लिहिली गेली. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव यांच्या पहिल्या आराखड्यात २४३ कलमं होती, डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीनं फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात ३१५ झाली. स्वीकारली गेली तेव्हा ३९५. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आकडे भाषणांत ऐकायला ठीक. काम दिसतं ते एकेका शब्दात. उद्देशपत्रिकेत बंधुतेचा उल्लेख मसुदा समितीनं घातला. मूळ उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हता. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या कलमात आधी ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हे अमेरिकन शब्द होते. रावांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट घेतली होती, आणि न्यायाधीशांच्या हाती एवढी सत्ता देण्याचे धोके तिथे ऐकले होते. समितीनं ते शब्द काढून ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ या अर्थाचे शब्द घातले. डिसेंबर १९४८ मधल्या चर्चेत आंबेडकरांनी दोन्हीकडची संकटं मोकळेपणानं मान्य केली. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे असं ठरवलं, म्हणजे खोडलेले शब्द बऱ्याच अंशी अर्थानं परत आले. कायद्याचे विद्यार्थी हे परीक्षेपुरतं पाठ करतात. खर्ड्यांच्या इतिहासात ते ‘पर्स्वेजन’शेजारी ठेवून वाचलं तर जास्त शहाणपण मिळेल असं मला वाटतं.

हे सगळं आत्ताच का? कारण खर्डा तयार होण्याची रीत बदलली आहे. हॅना सलिव्हन यांनी २०१३च्या आपल्या पुस्तकात मांडलं, की आधुनिकतावाद्यांनी एवढी खाडाखोड केली त्यात टाइपरायटरचा आणि मुद्रितांच्या फेऱ्यांचा मोठा वाटा होता. स्वतःचा मजकूर परका होऊन समोर आला की हात शिवशिवतो. मला हे अर्धंच पटतं, कारण ऑस्टिनकडे दौत आणि लेखणी एवढंच होतं. पण साधनाचा परिणाम होतो यात शंका नाही. संगणकावर दुरुस्ती केली की आधीचं पुसलं जातं. किंवा उलट, प्रत्येक कळ दाबल्याची नोंद राहते आणि एवढा पसारा कुणी वाचायचा हे कळत नाही. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे जुने संगणक अटलांटाच्या एमरी विद्यापीठानं कागदांबरोबरच जतन केले, आणि २०१० पासून अभ्यासकांना त्यांच्या जुन्या यंत्राच्या पडद्याची हुबेहूब नक्कल उघडून आत शिरता येतं. विज्ञानात १९९१ पासून ‘अर्काइव्ह’सारख्या संकेतस्थळांवर लेख तपासणीआधीच ठेवले जातात, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती अशी शेपटी लावून. करोनाच्या साथीत अशा कच्च्या लेखांवरून बातम्या झाल्या आणि काही ठिकाणी धोरणंही. आता तर यंत्र क्षणात गुळगुळीत, खाडाखोडविरहित इंग्रजी काढून देतं. हेमिंग्ज आणि कॉन्डेल यांना असाच लेखक हवा होता.

पुस्तकाविषयी थोडं. यातले लेख कालक्रमानं लावलेले नाहीत. बदल कुणी केला, लेखकानं, जवळच्या माणसानं, पगारी संपादकानं की समितीनं, या धोरणानं लावले आहेत. एमिली डिकिन्सन आणि व्हिटमन यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत, कारण एकीनं पर्यायी शब्द तसेच ठेवून निवड केलीच नाही आणि दुसऱ्यानं १८५५ पासून मरेपर्यंत एकच पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं. ऑडनवर एक छोटा, थोडा रागीट लेख आहे: त्यानं आपल्या एका गाजलेल्या कवितेतलं ‘किंवा’ काढून ‘आणि’ घातलं, मग ती कविताच संग्रहातून काढून टाकली. लेखिका त्याच्या बाजूची नाही, मी आहे. दोघांची मतं वाचकांनी तपासावीत. चित्रपटाच्या पटकथा, गाण्यांचे मसुदे आणि अनुवादांचे खर्डे यांना मात्र जागा मिळाली नाही.

छायाप्रतींबरोबर दिलेल्या लिप्यंतरात खोडलेला मजकूर आडव्या रेघेसह छापला आहे, ओळीच्या वर घुसवलेला बारीक अक्षरात, आणि दुसऱ्याच्या हातचा तिरक्या अक्षरात. लागत नाही ती जागा मोकळी सोडली आहे. अंदाज बांधलेला नाही. या खुणा सरावाच्या व्हायला दोन-चार पानं जातात. ज्यांना इंग्रजी कवितेची फारशी सवय नाही त्यांनी सरळ बेकरीवाल्याच्या कथेपासून सुरुवात करावी, आधी लिशची प्रत, मग कार्व्हरची, आणि त्यावरचा लेख सगळ्यांत शेवटी.